थोरलीचा रिपोर्ट

आमच्या तालुक्यात कुणाच्या दारात जाऊन "तुमच्या लेकराची मानसशास्त्रीय तपासणी करून घेऊ" असं म्हणायचं, तर चपला लांब काढून चालत नाही. लगेच परत घालाव्या लागतात. मी विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना वर्गातलं शिकणं जड जातं त्यांच्यासाठी केज तालुक्यातल्या शाळांमधून स्कूटीवर फिरायचं, त्यांना वेगळं शिकवायचं, हे माझं काम. "आमचं पोरगं काय येडं हाय का?" हे वाक्य मी इतक्या उंबऱ्यांवर ऐकलं आहे की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच ते मनात म्हणून टाकते.

म्हणून शाळेतल्या दोन बहिणींच्या चुलत्यांचा आपणहून फोन आला, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी नवल वाटलं. युसूफ वडगावच्या पुढचं गाव. गृहस्थ माजी सरपंच, ऊसवाले, दारात पांढरी गाडी. धाकट्या भावाच्या माघारी त्याची बायको आणि दोन पोरी त्यांच्याच घरात होत्या. थोरली आठवीत, धाकटी सातवीत. थोरलीला जोडाक्षर वाचता यायचं नाही, घड्याळ कळायचं नाही, दुकानातून सुटे पैसे किती परत आणायचे ते सांगता यायचं नाही. तिची तपासणी करू या म्हणून मी आधी गेले होते, तर या गृहस्थांनी मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता तेच म्हणत होते, "मॅडम, ती तुमची तपासणी लवकर घ्या. रिपोर्ट किती दिवसांत मिळंल?"

पूर्वी अशा तपासणीसाठी लेकराला घेऊन जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं आणि शिबिराची वाट बघत बसावं लागायचं. मानसशास्त्रज्ञ आमच्या तालुक्यात नाहीतच. आता त्या पुण्यात बसतात, मूल इथं बसतं, मधे टॅबलेट असतो आणि टॅबलेटशेजारी मी. मी चित्रं मांडायची, ठोकळे पुढं सरकवायचे, मुलाचे हात दिसावेत म्हणून दुसरा मोबाइल धरायचा. उत्तर सुचवायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. या शेवटच्या कामाला मी नालायक आहे. माझ्या मनातलं माझ्या नाकावर दिसतं, असं माझा नवरा म्हणतो आणि ते खरं आहे.

खोलीत मूल आणि मी, तिसरं कुणी नको, असाही एक नियम आहे. हा नियम ज्यानं केला त्यानं आमच्याकडची घरं बघितलेली नसावीत. शाळेत इंटरनेट धड चालत नव्हतं, म्हणून चुलते म्हणाले, "आमच्या बैठकीत वायफाय हाय, तिथंच घ्या." मला तेव्हा तेही सोयीचंच वाटलं.

गेले तर ओटा धुतलेला. बैठकीत सोफ्यावर नवी चादर, स्टुलावर चिवडा आणि पेढे. थोरली नव्या सलवार-कमीजमध्ये, तोंडाला पावडर, केसांत गजरा, मान खाली. धाकटी तिची ओढणी सारखी करत होती आणि कानात काहीतरी पुटपुटत होती. गजरा कशाला, असं मी हसून विचारलं. कुणीच हसलं नाही.

"रिपोर्ट चांगला यायला पायजे, मॅडम," चुलते म्हणाले. "सही-शिक्क्याचा. पोरगी नॉर्मल हाय आसं सरळ लिवलेलं."

"कशासाठी लागतोय?"

"आसंच. कागद आसलेला बरा. लोकांची तोंडं बंद व्हत्यात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडं लोक कागद मागतात तो मूल शिकू शकत नाही म्हणून, सवलतीसाठी, दाखल्यासाठी. सगळं ठीक आहे असा कागद मागणारा माणूस मला त्याआधी कधी भेटला नव्हता.

पुण्याच्या मॅडम पडद्यावर आल्या. आवाज गोड, बोलणं सावकाश. आधी मुलाची भीड मोडावी म्हणून त्या साधंच काहीतरी विचारतात. नाव विचारलं, थोरलीनं सांगितलं. वय विचारलं.

"अठरा पूर्ण."

मॅडमनी समोरच्या कागदाकडं पाहिलं. तिथं चौदा होतं. त्या काही बोलायच्या आतच थोरली एका दमात पुढं निघाली होती, "भाकरी येती, पुरणपोळी येती, शेतातलं समदं काम येतं, शिवणकामाची आवड हाय, मोठ्या मान्सांत ऱ्हायला आवडतं."

"अगं, हे मी विचारलंच नाही," मॅडम हसल्या. त्यांना गंमत वाटली.

मला तो पाठ ओळखू आला होता. मला बघायला आले होते तेव्हा मीही अशीच खाली मान घालून हेच बोलले होते, याच क्रमानं. फक्त मी तेव्हा नोकरी शोधणारी बाई होते. या लेकराला बघण्याच्या कार्यक्रमासाठी तयार केलं होतं, आणि चार अनोळखी लोकांपुढं बसून उत्तरं द्यायची म्हणजे तोच कार्यक्रम, असं त्या घरानं धरलं होतं. पावडर तीच, पेढे तेच, उत्तरंही तीच. थोरलीला दोन्हीतला फरक कुणी सांगितलाच नव्हता आणि सांगितला असता तरी तिला तो धरून ठेवता आला नसता.

आतल्या दाराच्या पडद्याआड धाकटी उभी होती. मॅडमनी काही विचारलं की तिचे ओठ हलायचे, थोरली तिकडं बघायची आणि उत्तर द्यायची. त्या पोरीचं मला कौतुकच वाटायचं. वर्गात पहिली, बोलायला तल्लख, थोरलीचं दप्तरही तीच भरायची. बहिणीची लाज राखायची म्हणून तिनं तो पाठ घोटून घेतला होता. मी उठले, तिला आत जा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मग खरी तपासणी सुरू झाली. चित्रातलं काय चुकलंय ते सांग. या ठोकळ्यांचं हे नक्षीकाम कर. आंबा आणि केळं यांच्यात सारखं काय. थोरली ठोकळे उचलायची, परत ठेवायची, गजऱ्याला हात लावायची, बंद दाराकडं बघायची. कपाळावर घाम आणि पावडर एक झाली होती. तिला येत नव्हतं, पण तिनं एकदाही "येत न्हाई" म्हटलं नाही. मला इतकी माया आली तिची की दुसऱ्या मोबाइलचं भान सुटलं आणि मॅडमनी विचारलं, "हात दिसत नाहीत, मोबाइल सरकला का?"

त्यानंतर आईला प्रश्न असतात. मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं, ते आईलाच ठाऊक. आई आली, पदर नाकापर्यंत, खाली सतरंजीवर बसली. मागोमाग चुलते आले आणि दाराशी उभे राहिले. थोरल्या दिरासमोर त्या घरात बाई बोलत नाही. मॅडमनी विचारलं, मुलगी एकटी दुकानात जाते का? पदर गप्प. चुलते म्हणाले, "जाती की." पैसे मोजते का? "समदं करती." मॅडम म्हणाल्या, "मला आईकडून ऐकायचं आहे." पदर हलला. हो म्हणून हलला का नाही म्हणून, हे पुण्याहून कसं कळणार? मला शेजारी बसूनही कळलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, वायफाय गेलं, मॅडमचा चेहरा तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर अडकला. इन्व्हर्टर कावून चालू झाला न्हाई म्हणून चुलते ओरडत बाहेर गेले.

आईनं पदर मागं टाकला आणि माझं मनगट धरलं. हाताला कोयत्याचे घट्टे होते.

"बाई, लई वाईट लिवा," ती म्हणाली. "पोरीला काईच येत न्हाई, आसं लिवा. येडी हाय म्हणून लिवा."

"अहो, काय झालंय?"

"गेवराईकडचं स्थळ हाय. नवरा तीस वर्साचा. त्यांच्या कानावर गेलंय पोरगी मंद हाय म्हणून. कागद दावा म्हन्तेत, मंग दिवाळीच्या सुट्टीत उरकू. तुमी वाईट लिवलं तर ऱ्हाईल माजं लेकरू."

ज्या शब्दावरून आयांनी मला दारातून हाकललं होतं, तोच शब्द ही आई माझ्याकडं पदर पसरून मागत होती. मी काही बोलणार तर लाइट आली. पदर खाली आला, चुलते दारात आले आणि आई पुन्हा सतरंजीवरचं गाठोडं होऊन बसली.

गावाबाहेर कॅनॉलच्या पुलावर स्कूटी लावली आणि पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं. मॅडमनी वयाचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मी वाईट लिहिणार नाही आणि चांगलंही लिहिणार नाही. जे दिसलं ते लिहीन. आणि वयाचं जे ऐकलं ते मला वर कळवावंच लागेल." मला त्यांचा राग आला. पुण्यात बसून तत्त्वं सांभाळायला काय जातं, असं मनात आलं. पण जे दिसलं होतं तेच पुरेसं होतं. सौम्य बौद्धिक अक्षमता, शिकण्यासाठी विशेष मदत आवश्यक, असं रिपोर्टाच्या पहिल्याच ओळीत आलं. त्यांनी वर कळवलं, गावातले बालविवाह रोखणं ज्यांच्याकडं असतं ते ग्रामसेवक घरी गेले, थोरलीचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत करणार नाही असं चुलत्यांकडून लिहून घेतलं. स्थळ मोडलं. त्या दिवशी मी घरी शिरा केला आणि नवऱ्याला दोनदा वाढला.

चुलते शाळेत मला भेटले. मला वाटलं होतं ओरडतील. मीही तयारीतच होते, माझाही आवाज काही लहान नाही. पण ते हळू बोलले. "झाकली मूठ सव्वा लाखाची आसती, मॅडम. तुमी उघडून दावली. बरं झालं. आता आमालाबी कळलं कुणाची किंमत काय." आणि हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या हसण्यानं मला दिवसभर काही सुचलं नाही.

रिपोर्ट त्यांनी लपवला नाही. उलट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला, पारावर दाखवला, ज्यानं विचारलं त्याला पाठवला. गावात थोरलीसमोरच तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं. ती ऐकत असायची आणि लोकांना वाटायचं तिला कळत नाही. मी मात्र माझ्या कामात रमले होते. ती माझ्याकडं शिकायला बसायला लागली, दहाच्या नोटेतून सात रुपये वजा करायला लागली, आणि मी त्यावर खूश होते.

दिवाळीची सुट्टी लागली. एके दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आईचा आवाज.

"बाई, धाकटीचंबी तसलंच लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"येडी हाय म्हणून. आत्ताच्या आत्ता द्या. गाडीत बसवायलेत तिला."

तिनं घाईघाईत सांगितलं ते असं. मोडलेल्या स्थळाची माणसं बोलणी मिटवायला म्हणून घरी आली होती, तेव्हा चहा धाकटीनं नेला होता. काय शिकतेस विचारलं, तर तिनं ताठ मानेनं फटाफट सांगितलं. पोरगी लई हुशार हाय, म्हणाले. सोयरीक दोन्हीकडच्यांना जाऊ द्यायची नव्हतीच. चुलत्यांनी शब्द दिला. ग्रामसेवकांच्या कागदावर नाव थोरलीचं होतं, धाकटीचं कुठंच नव्हतं. आणि तिच्यासाठी मी काय लिहिणार होते? ती वर्गात पहिली होती. फोन मधेच बंद झाला.

मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, ग्रामसेवकांना केला, पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिले आणि जीप निघेपर्यंत हलले नाही. हवालदार, ग्रामसेवक आणि मी गावात पोचलो तर घराला कुलूप. पांढरी गाडी नव्हती. ओट्यावर थोरली बसली होती आणि तिच्यावर लक्ष ठेवायला घरचा गडी. लग्नात नेली तर काहीतरी बोलून बसेल म्हणून तिला मागं ठेवलं होतं.

"कुठं गेलेत सगळे?" हवालदारांनी विचारलं.

"दिंद्रुडला, साहेब," गडी म्हणाला. "पाव्हण्याच्यात वास्तुशांत हाय."

"न्हाई," थोरली म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "चकलांब्याच्या फुडं गेलेत. आबा फोनवर म्हनले, मांडव गावात नगं, मळ्यात टाका. हिरीपाशी. ताईला हिरवा चुडा भरलाय. ती रडायलती."

चुलत्यांना ती आबा म्हणायची आणि धाकटीला ताई. गावाला त्याचंही हसू यायचं.

गडीही हसला. "तिचं काय ऐकता, साहेब? तिचा रिपोर्ट हाय." त्यानं खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि हवालदारांच्या हातात दिला. त्यांनी पहिली ओळ वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, हा रिपोर्ट तुम्हीच करून आणला ना?"

"हो. पण त्यात ती खोटं बोलते असं कुठं लिहिलंय? पुढं वाचा. ऐकलेलं नीट लक्षात ठेवते, माणसं आणि गावं बरोबर ओळखते, असं दुसऱ्या पानावर आहे."

दुसऱ्या पानाचा फोटो गड्याच्या मोबाइलमध्ये नव्हता. माझ्या मोबाइलमध्ये मी शोधत होते, फाइल उघडत नव्हती. मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. ग्रामसेवक मला शांत करत होते एवढं आठवतं. हवालदार वाईट माणूस नव्हता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, जीप एकच हाय. दिंद्रुड एकीकडं, चकलांबा दुसरीकडं. उद्या साहेबांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून गेला होतात, तर मी कुणाचं नाव सांगू?"

जीप दिंद्रुडला गेली. मी जीपमधूनच हेल्पलाइनला पुन्हा फोन लावला आणि चकलांब्याचं सांगितलं. पलीकडून विचारलं, माहिती खात्रीची आहे का? मी हो म्हणाले. कुणी दिली? मी सांगितलं. पलीकडून "बघतो" असं उत्तर आलं.

दिंद्रुडच्या त्या घराच्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. कसली वास्तुशांत, घर माझ्या सासऱ्यानं बांधलंय, म्हणाली. मग हवालदारांनी गेवराईकडं, चकलांब्याच्या बाजूला फोन लावले. सांज व्हायच्या सुमाराला तिकडून निरोप आला. चकलांब्याच्या पुढच्या एका मळ्यात, विहिरीजवळ, मांडव सोडायचं काम चाललं होतं. वऱ्हाड निघून गेलेलं होतं.

गुन्हा नोंदवला आहे. चुलते जामिनावर आहेत आणि पांढरी गाडी पुन्हा दारात असते. धाकटीला हजर करा असं त्या लोकांना सांगितलेलं आहे, ते पत्ते बदलत आहेत आणि शोध चालू आहे असं मला दर खेपेला सांगतात. आई मला दिसली तर वाट बदलते. मी तिला दोष देत नाही.

सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेले. थोरली एकटीच आली होती, दप्तर तिचं तिनं भरलं होतं आणि त्यात गणिताची वही नव्हती. मी सुट्ट्या पैशांचा धडा काढला. तिनं नाणी हातात घेतली नाहीत.

"बाई, मी खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "गाव बी सांगितलं, हीर बी सांगितली. मंग कावून ऐकलं न्हाई?"

मी तिला म्हणाले, तू सगळं बरोबर सांगितलंस, एकही गोष्ट चुकली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं हे विचारलंच नव्हतं.